म्वालिमू : एका राष्ट्राचे मास्तर

टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांना त्यांचे देशबांधव ‘म्वालिमू’ म्हणत. स्वाहिली भाषेत म्वालिमू म्हणजे शिक्षक. आपल्या खेड्यातल्या बोलीत सांगायचे तर मास्तर. भारत सरकारने १९९५ साली गांधी शांतता पुरस्कार सुरू केला, तेव्हा त्याचा पहिला मान या मास्तरांनाच मिळाला.

न्येरेरे यांचा जन्म १९२२ साली व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेस असलेल्या बुटियामा या खेड्यात झाला. वडील झानाकी या लहानशा जमातीचे मुखिया. मुलगा शाळेत गेला तो वयाच्या बाराव्या वर्षी! पण पुढे त्याने मागे वळून पाहिले नाही. युगांडातील मकेरेरे महाविद्यालयात शिक्षण, मग शिक्षकाची नोकरी, आणि १९५२ साली एडिंबरो विद्यापीठाची एम. ए. पदवी. मायदेशी, म्हणजे तेव्हाच्या टांगानिकात, इंग्रजांचे राज्य होते. परतल्यावर ते पुन्हा शिकवू लागले. १९५४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली ‘टानू’ हा पक्ष स्थापन झाला. नोकरी की राजकारण, असा प्रश्न उभा राहताच १९५५ साली त्यांनी नोकरी सोडली. ९ डिसेंबर १९६१ रोजी देश स्वतंत्र झाला आणि १९६४ मध्ये झांझिबारशी एकत्र येऊन त्याचा टांझानिया झाला.

स्वातंत्र्य मिळाले, पण राष्ट्र कुठे होते? शंभराहून अधिक जमाती, तितक्याच बोली. परक्यांनी आखलेली सीमा एवढेच काय ते सर्वांत समान. न्येरेरे यांनी स्वाहिलीचा आधार घेतला. ही मुळात किनाऱ्यावरची, व्यापाराबरोबर आत पसरलेली भाषा. जर्मन आणि इंग्रज राज्यकर्त्यांनीही कारभारात व शाळांत तिचा उपयोग केला होता. ती कोणत्याही बलाढ्य जमातीची मक्तेदारी नव्हती, म्हणून ती स्वीकारताना कोणाला हार मानल्यासारखे वाटले नाही. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’चे स्वाहिली भाषांतर न्येरेरे यांनी राष्ट्राध्यक्ष असताना स्वतः केले. आपली भाषा केवळ बाजारहाटापुरती नाही, हे त्यांना दाखवायचे होते. मुखियांचे वंशपरंपरागत अधिकार काढून घेतले तेही या मुखियाच्या मुलाच्याच सरकारने. गावोगाव प्रौढांचे साक्षरतावर्ग भरले. प्राथमिक शिक्षण स्वाहिलीतून सुरू झाले. माध्यमिक शाळेत मात्र इंग्रजी कायम राहिली. मराठी शाळेतून येऊन ग्रंथालयात इंग्रजी ग्रंथापुढे बसणाऱ्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला ही अडचण काही परदेशातली वाटत नाही.

या चरित्राची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यात त्यांनी समाजवाद आणि स्वावलंबन यांचा मार्ग पत्करला. ‘उजामा’, म्हणजे कुटुंबभाव, या तत्त्वावर विखुरलेल्या शेतकऱ्यांनी एकत्र गावे वसवावीत, एकत्र राबावे, अशी योजना होती. आरंभी ती स्वेच्छेची होती. लोक पुरेसे येईनात, तेव्हा १९७३ पासून सक्ती आली. लाखो माणसे जुन्या घरांतून हलवली गेली; काही ठिकाणी परत फिरू नयेत म्हणून घरे जाळण्यात आली. शेत एकीकडे, घर दुसरीकडे अशी अवस्था झाली. त्यातच अवर्षण पडले आणि धान्य आयात करावे लागले. १९६५ पासून देशात एकच अधिकृत पक्ष होता आणि विरोधकांना खटल्यावाचून तुरुंगात ठेवता येईल असा कायदाही होता. मग चुकले म्हणून सांगणार कोण?

१९८५ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपद आपण होऊन सोडले. पुढे अनेक पक्ष असावेत याचा पुरस्कारही त्यांनी केला आणि १९९२ साली तसा बदल झाला. १४ ऑक्टोबर १९९९ रोजी त्यांचे लंडनमध्ये निधन झाले. त्यांचे दफन बुटियामातच झाले.

मला वाटते, त्यांच्या आयुष्याचा निवाडा त्यांच्या पदवीतच दडलेला आहे. मास्तर होऊन त्यांनी जे दिले, ती भाषा आणि ती अक्षरओळख, लोकांनी आपली मानली. आज जमात कोणतीही असो, टांझानियाचा माणूस दुसऱ्याशी स्वाहिलीत बोलतो. सक्तीने वसवलेली सामुदायिक शेती मात्र मोडून पडली. हेतू दोन्हीकडे तितकाच शुद्ध होता. फरक एवढाच की, भाषेच्या बाबतीत त्यांनी लोकांना समजावले आणि गावांच्या बाबतीत छडी उगारली.