एकच आकाश, अनेक आवाज : गुलिएल्मो मार्कोनी

बिनतारी संदेशवहनाचे प्रवर्तक म्हणून मार्कोनी आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे चरित्र वाचताना मला मात्र एकच प्रश्न सतत पडत होता. आकाश एकच आणि बोलणारे अनेक, मग प्रत्येकाला वाट कशी मिळणार?

मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात झाला. वडील इटालियन, आई आयरिश. १८९५ मध्ये त्यांनी घराजवळच्या टेकडीपलीकडे बिनतारी संकेत पोहोचवला. पुढच्याच वर्षी ते इंग्लंडला गेले आणि १८९७ मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली.

त्या काळच्या यंत्रांत ठिणगीने लहरी निर्माण होत आणि त्या फार रुंद पट्ट्यात पसरत. दोन केंद्रे एकदम बोलू लागली की दोघांचेही संदेश एकमेकांत मिसळत. प्रेषक आणि ग्राहक एकाच वारंवारतेला जुळवण्याचा मार्ग ऑलिव्हर लॉज यांनी १८९७ मध्ये दाखवला होता. मार्कोनींनी तो सुधारला आणि १९०० मध्ये ७७७७ क्रमांकाचे प्रसिद्ध पेटंट मिळवले. आता वेगवेगळ्या वारंवारतांवर अनेकांना एकाच वेळी बोलता येणार होते.

पण यंत्राला शिस्तीची जोड हवी. १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळ शिडाच्या नौकांची शर्यत होती. तिची बातमी देणाऱ्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकमेकांचे संदेश बुडवले. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री तर याची फार मोठी किंमत मोजावी लागली. टायटॅनिकवरील मार्कोनी कंपनीचा ऑपरेटर प्रवाशांच्या तारा पाठवण्यात गुंतला होता. जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाने मध्येच बर्फाची सूचना दिली, तेव्हा त्याने त्या जहाजाला गप्प केले. थोड्या वेळाने तिथला एकुलता एक ऑपरेटर यंत्र बंद करून झोपला. त्यानंतर टायटॅनिक हिमनगावर आदळले. मदतीची हाक दूरच्या कार्पेथियाने ऐकली, म्हणून सुमारे ७०० जण वाचले. सुमारे १५०० बुडाले. या दुर्घटनेनंतर बिनतारी केंद्रांवरील कायदे कडक झाले आणि प्रवासी जहाजांवर अखंड कान देण्याचा नियम पुढे आला.

२० जुलै १९३७ रोजी रोम येथे मार्कोनींचे निधन झाले. त्यांच्या सन्मानार्थ ब्रिटनमधील बिनतारी केंद्रे दोन मिनिटे मूक राहिली.

आज एका वाय-फायवर अनेक फोन चालतात. प्रत्येक फोन आधी ऐकतो आणि वाट मोकळी असेल तरच बोलतो. वायरलेस सेटवर आपणही तेच शिकतो : आधी ऐकावे, थोडक्यात बोलावे, ‘ओव्हर’ म्हणून वाट मोकळी करावी. आपण अडवून ठेवलेल्या वाटेवर कदाचित कोणाचा तरी जीव अवलंबून असेल.