पीतज्वराच्या लशीने शिकविलेला धडा

दान या शब्दाभोवती आपल्याकडे पावित्र्याचे वलय आहे. दात्याची चौकशी करणे हे असंस्कृतपणाचे लक्षण मानले जाते. रक्तदानाच्या बाबतीत मात्र हाच संकोच घातक ठरतो. धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या रक्तातूनही रोग दुसऱ्याच्या शरीरात जाऊ शकतो, हे सत्य विसाव्या शतकाने फार मोठी किंमत देऊन जाणले. पीतज्वरावरील लशीचे जनक मॅक्स थायलर यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे.

थायलर यांचा जन्म ३० जानेवारी १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे झाला. वडील आर्नोल्ड थायलर हे मूळचे स्वित्झर्लंडचे, नामवंत पशुवैद्यक. मुलाने लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९२२ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात संशोधन आरंभिले. त्या काळी पीतज्वर हा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका या खंडांतील महाभयंकर रोग होता. तो डासांमुळे पसरतो, हे वॉल्टर रीड यांच्या मंडळाने क्यूबात १९००-०१ मध्ये सिद्ध केले होते. रोग्याचे रक्त टोचल्यानेही निरोगी माणसाला तो होतो, हेही त्याच मंडळाने दाखविले होते. पुढील काळात या दुसऱ्या निष्कर्षाकडे जितके लक्ष जावयास हवे होते, तितके गेले नाही.

१९२७ मध्ये पश्चिम आफ्रिकेत असिबी नावाच्या एका रोग्याचे रक्त हिंदुस्थानातून नेलेल्या ऱ्हीसस जातीच्या माकडास टोचण्यात आले. माकड आजारी पडले आणि संशोधकांच्या हाती विषाणू आला. असिबी बरा झाला. परंतु त्या संशोधनातील अ‍ॅड्रियन स्टोक्स त्याच वर्षी पीतज्वरानेच मरण पावले. माकडे महाग आणि दुर्मिळ होती. पांढऱ्या उंदरांच्या मेंदूत हा विषाणू वाढविता येतो, हे थायलर यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केले आणि संशोधनाची वाट एकदम सुकर झाली. तत्पूर्वी १९२९ मध्ये प्रयोगशाळेत त्यांना स्वतःलाही या रोगाची बाधा होऊन गेली होती.

पुढे न्यूयॉर्क येथील रॉकफेलर प्रतिष्ठानात त्यांनी असिबीच्या रक्तातून आलेला विषाणू कोंबडीच्या गर्भाच्या ऊतींत शंभराहून अधिक वेळा वाढविला. या दीर्घ प्रवासात त्याची मारकता लोपली, प्रतिकारशक्ती जागविण्याचा गुण मात्र टिकला. १९३७ मध्ये ‘१७ डी’ ही लस सिद्ध झाली. १९४० ते १९४७ या काळात प्रतिष्ठानाने तिच्या २ कोटी ८० लाखांहून अधिक मात्रा तयार केल्या. १९५१ मध्ये थायलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि या यशोगाथेत एक काळे पान आहे. लशीतील विषाणू टिकून राहावा म्हणून तिच्यात मानवी रक्तरस, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, मिसळला जात असे. लस टोचलेल्या काहींना कालांतराने कावीळ होते, हे इंग्लंडमधील संशोधकांनी १९३७ मध्येच नोंदविले होते. ब्राझीलमध्ये असेच घडताच तेथे १९४० मध्ये रक्तरस वर्ज्य करण्यात आला. अमेरिकेत मात्र तो चालूच राहिला. परिणामी १९४२ मध्ये सुमारे ५० हजार अमेरिकी सैनिक कावीळीने रुग्णालयांत दाखल झाले, तेव्हा कुठे त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये रक्तरस काढून टाकण्यात आला. पीतज्वरापासून रक्षण करण्यासाठी ज्यांना लस दिली, तेच पिवळे पडले! दोष लशीच्या विषाणूचा नव्हता. रक्त देणाऱ्यांपैकी काहींच्या शरीरात दडलेल्या हेपटायटिस बी या विषाणूचा तो प्रताप होता, हे १९८० च्या दशकात त्या सैनिकांच्या रक्तपरीक्षेवरून निश्चित झाले. दात्यांचा हेतू शुद्ध होता आणि त्यांची प्रकृतीही चांगली दिसत होती. परंतु या दोहोंमुळे रक्त शुद्ध ठरत नाही. त्याहून मोठा अपराध हाती आलेल्या इशाऱ्याकडे पाठ फिरविण्याचा होता.

थायलर ११ ऑगस्ट १९७२ रोजी निवर्तले. त्यांच्यामागे इतिहासाने हा धडा पुन्हा गिरवून घेतला. २००२ मध्ये अमेरिकेत डासांमुळे पसरणारा वेस्ट नाइल विषाणू दान केलेल्या रक्तातूनही पसरल्याचे आढळले आणि पुढील वर्षीपासून तेथे रक्ताची त्यासाठी तपासणी सुरू झाली. २००९ मध्ये तर थायलर यांच्याच लशीने वेगळा प्रश्न उभा केला. कॅलिफोर्नियात लस घेऊन चारच दिवस झालेल्या लष्करी प्रशिक्षणार्थींनी रक्तदान केले, आणि लशीतील जिवंत विषाणू रक्त घेणाऱ्या रुग्णांपर्यंत पोचल्याचे आढळले. लस घेतल्याची तारीख सांगणे आणि विचारणे, एवढ्या साध्या गोष्टीने हे टळले असते.

भारतात पीतज्वर नाही. पण तो पसरविणारा एडिस इजिप्ती डास आपल्या घरातल्या पाण्याच्या पिंपात सुखाने नांदतो आणि डेंग्यू, चिकुनगुन्या व झिका यांचे विषाणू वाहून नेतो. अशा विषाणूंच्या अभ्यासासाठी रॉकफेलर प्रतिष्ठानाच्याच सहकार्याने १९५२ मध्ये पुण्यात केंद्र स्थापन झाले; आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ती हीच. डेंग्यूची बाधा झालेल्या पुष्कळांना तापही येत नाही, आणि आपल्याकडे प्रत्येक बाटलीच्या ज्या सक्तीच्या चाचण्या होतात त्यांत डेंग्यूचा समावेश नाही. अशा स्थितीत दात्याने अलीकडचा ताप, प्रवास आणि घेतलेली लस यांविषयी दिलेले खरे उत्तर हीच पहिली तटबंदी होय. पावसाळ्यात बाटल्यांच्या संख्येचे विक्रम करू पाहणाऱ्या शिबिरांत तो प्रश्नांचा कागद घाईने भरून घेतला जातो. थायलर यांच्या लशीने लक्षावधी प्राण वाचविले, आणि तिच्यात मिसळलेल्या न तपासलेल्या रक्ताने सहस्रावधींना अंथरुणास खिळविले. दात्याला नम्रपणे चार प्रश्न विचारणे हा त्याचा अपमान नव्हे. ज्याच्या शिरेत ते रक्त जाणार आहे, त्या अनोळखी रुग्णाविषयीचे ते किमान कर्तव्य आहे.