नाटककार चंद्रवदन मेहता

सन १९२८ मध्ये बारडोली तालुक्यातील शेतकऱ्यांनी वाढीव साऱ्याविरुद्ध सत्याग्रह केला. त्या लढ्याशी निगडित असलेल्या तरुणांत चंद्रवदन चिमणलाल मेहता हेही होते. त्यांचा जन्म ६ एप्रिल १९०१ रोजी सुरत येथे झाला. पदवी मात्र मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाची.

गुजराती धंदेवाईक रंगभूमीवर तेव्हा स्त्रीभूमिका बहुधा पुरुषच करीत. चंद्रवदनांना हे मान्य नव्हते, आणि आपला विरोध त्यांनी कधी झाकून ठेवला नाही. मराठीत १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'ने स्त्रियांना रंगमंचावर मानाने उभे केले, त्याच सुमारास त्यांचे 'आगगाडी' आले. त्याचा नायक राजा नव्हे, इंजिनात कोळसा लोटणारा फायरमन! १९३६ मध्ये त्यांना रणजितराम सुवर्णचंद्रक लाभला.

मोठ्या नाटकाचा खर्च हौशी मंडळींना पेलत नसे. चंद्रवदनांच्या एकांकिका त्यांच्या हाती सहज येत. १९३८ मध्ये ते मुंबई नभोवाणी केंद्रात रुजू झाले आणि नभोनाट्यांकडे वळले. उत्तरायुष्यात त्यांनी वडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात नाट्यशिक्षणाचे काम केले. साहित्य अकादमीने १९७१ मध्ये या नाटककाराला गौरविले ते मात्र 'नाट्य गठरियां' या प्रवासवर्णनासाठी. ४ मे १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.