बीपीच्या गोळीमागचा मुंबईकर डॉक्टर : रुस्तम जाल वकील

आज प्रत्येक घरात कुणाला ना कुणाला बीपीची गोळी सुरू असते. पण ८० वर्षांपूर्वी चांगली गोळीच नव्हती. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्यांचं बीपी प्रचंड वाढलेलं होतं, डॉक्टर दिमतीला होते, तरी इलाज नव्हता.

बीपी वाढतं कसं, याचा एक धागा मात्र १८९८ मध्येच स्वीडनमध्ये सापडला होता. तो म्हणजे रेनिन, मूत्रपिंडातलं एन्झाइम. मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं की ते रेनिन सोडतं. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन बनतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि बीपी चढतं. कारण कळलं, पण ही साखळी तोडणारं औषध यायला १९८० चं दशक उजाडणार होतं.

मधल्या काळात रुग्णांनी काय करायचं? याचं एक उत्तर परळच्या केईएम हॉस्पिटलमधून आलं.

रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईतल्या पारशी कुटुंबात झाला. लंडनमध्ये शिकून ते परतले आणि हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करू लागले. त्यांचं लक्ष गेलं सर्पगंधाकडे. ही वनस्पती आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. तिच्या मुळीने बीपी उतरतं, हे कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी १९३१ मध्येच लिहिलं होतं. पण जगाने फारशी दखल घेतली नाही.

डॉ. वकील यांनी ५० रुग्णांना सर्पगंधाच्या गोळ्या दिल्या, त्यांचं बीपी मोजलं आणि आकडे मांडले. बहुतेकांचं बीपी उतरलं होतं. हा अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला आणि चित्र पालटलं. बोस्टनमध्ये डॉ. विल्किन्स यांनी हे औषध वापरून पाहिलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं.

रिसर्पिनचा रस्ता रेनिनपेक्षा वेगळा. मज्जातंतूंच्या टोकाशी साठलेलं नॉरअ‍ॅड्रेनलिन ते रिकामं करतं, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. मात्र जास्त डोसमध्ये काहींना नैराश्य येऊ लागलं. पुढे नवी औषधं आली आणि रिसर्पिन मागे पडलं.

डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला, १९५८ मध्ये पद्मभूषण. १९७४ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यानंतर सात वर्षांनी, १९८१ मध्ये, कॅप्टोप्रिलला अमेरिकेत मंजुरी मिळाली. अँजिओटेन्सिन तयार करणाऱ्या एन्झाइमलाच अडवणारी ही गोळी. रेनिनपासून सुरू होणारी साखळी अखेर तुटली.

सर्पगंधा डॉ. वकील यांनी शोधली नव्हती. मुळी जुनीच होती. त्यांनी ती रुग्णांना देऊन बीपी मोजलं आणि जगाला पटेल अशा आकड्यांत लिहून ठेवलं. म्हणूनच आजीबाईच्या बटव्यातलं औषध जगभरातल्या दवाखान्यांत पोहोचलं.