देहूरोडची बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांनी घडवलेली ओळख

पुणे-लोणावळा लोकलमध्ये देहूरोड, तळेगाव, मळवली ही स्टेशने लागतात. आम्हा मावळातल्या कार्यकर्त्यांचा हा रोजचा प्रवास. याच वाटेवर देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरची दीक्षा त्यानंतर जवळपास दोन वर्षांनी झाली.

या दिवसाची पाळेमुळे खूप मागे जातात. १८९१ साली महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातिव्यवस्थेवर निबंध वाचला. भारतातले लोक वंशाने मिसळलेले आहेत, जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्ने लावून, असे त्यांनी मांडले. पुढे १९४८ च्या ग्रंथात, अस्पृश्य म्हणजे वेगळा वंश, हे मतही त्यांनी खोडून काढले.

मग समाज एक होतो कशाने? बाबासाहेबांनी ते लढ्यातून दाखवले. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायलेली माणसे परतली ती ताठ मानेने. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १९३८ मध्ये खोतीविरुद्धच्या मोर्चात कुणबी आणि महार शेतकरी सोबत चालले. लादलेली ओळख माणसाला एकटे पाडते, लढ्यात मिळालेली ओळख जोडते. १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा करून बाबासाहेबांनी समाजाला स्वतःची ओळख स्वतः निवडायला सांगितले.

मळवलीजवळच्या कार्ला लेणीत याचा जुना दाखला आहे. चैत्यगृहातील लेखांत दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरली आहेत. त्यांत धेनुकाकटचे यवन आहेत, सुतार आहे, वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपालही आहे. वंश वेगळे, धंदे वेगळे, पण दान एकाच संघाला.

आणि आज आपण? एका वधू-वर मेळाव्याच्या अर्जात आम्ही पोटजातीचा रकाना पाहिला. अर्ज वाटणाऱ्यांत आम्हीही होतो आणि तेव्हा गप्प बसलो. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये जातीचे जे मूळ दाखवले, तेच आपण बौद्ध म्हणवून घेत जपतो आहोत. वर्गणी, मोर्चा, जयंती यांत आपण एक असतो आणि लग्नाची बोलणी निघाली की वेगळे होतो.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. नव्या समाजाची घडी बसवायला त्यांना दोन महिनेही मिळाले नाहीत. ते काम आपल्यावर आले. येत्या २५ डिसेंबरला देहूरोडला वंदनेसाठी जमण्याआधी तरुणांनी आपापल्या गावच्या मेळाव्याचे अर्ज तपासावेत. तो रकाना खोडायची सुरुवात आम्ही आमच्यापासून करत आहोत.

जय भीम! नमो बुद्धाय!