धातूला चाल देणारा शिल्पकार

१८७७ साली पॅरिसच्या 'सलाँ' या प्रतिष्ठित कलाप्रदर्शनात एका तरुणाचा विवस्त्र पुतळा मांडला गेला आणि शिल्पकाराच्या वाट्याला कौतुकाऐवजी संशय आला. हा देह हातांनी घडविलेलाच नाही, जिवंत माणसाच्या अंगावरून साचा काढून तो ओतला आहे, अशी कुजबुज सुरू झाली. शिल्पकलेत हा आरोप चोरीच्या आरोपाइतकाच गंभीर. ज्याच्यावर तो झाला, त्या ऑग्युस्त रोदँचे वय तेव्हा ३६ वर्षांचे होते; गाठीशी ना पैसा होता, ना नावलौकिक.

रोदँचा जन्म १२ नोव्हेंबर १८४० रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील पोलिस खात्यात साधे नोकर. दृष्टी अधू असलेला हा मुलगा शाळेत रमला नाही, म्हणून चौदाव्या वर्षी त्याला सजावटकला शिकविणाऱ्या एका शाळेत घालण्यात आले. तेथील शिक्षक लकॉक द बुआबोद्राँ विद्यार्थ्यांना पाहिलेली वस्तू नजरेआड झाल्यावर स्मरणातून रेखाटायला लावीत. हा संस्कार रोदँला जन्मभर पुरला. पुढे पॅरिसच्या मुख्य कलाविद्यालयाने मात्र त्याला तीनदा प्रवेश नाकारला. पोटासाठी तो इमारतींची नक्षी घडवू लागला. १८६२ मध्ये थोरली बहीण मारिया वारली, त्या धक्क्याने तो काही काळ मठातही राहिला. १८७१ नंतरची काही वर्षे ब्रसेल्समध्ये गेली. त्या काळात त्याने इटलीचा प्रवास करून मायकेलअँजेलोची शिल्पे पाहिली.

'ब्राँझयुग' हा तो वादग्रस्त पुतळा ब्रसेल्समध्येच घडला. ऑग्युस्त नेत या बेल्जियन सैनिकाला समोर उभे करून रोदँ त्यावर सुमारे दीड वर्ष राबला होता. आरोप खोडून काढण्यासाठी त्याने नेतची छायाचित्रे काढवून घेतली. शेवटी नामवंत शिल्पकारांनी त्याच्या बाजूने साक्ष दिली आणि १८८० मध्ये फ्रेंच सरकारने तो पुतळा विकत घेतला.

मात्र रोदँचे खरे उत्तर त्याच्या पुढच्या शिल्पात होते. पिन्यातेली नावाचा एक इटालियन शेतकरी त्याच्याकडे काम मागायला आला. त्याने पूर्वी कधी शिल्पकारासमोर उभे राहण्याचे काम केले नव्हते. रोदँने सांगताच तो दोन पाय फाकून, जमिनीत रोवल्यासारखा उभा राहिला. त्यातून 'धर्मोपदेश करणारा संत जॉन' साकारला. साचा काढल्याचा संशयच उरू नये म्हणून रोदँने तो मानवी आकारापेक्षा मोठा केला. या पुतळ्याची दोन्ही पावले जमिनीला पूर्ण टेकलेली आहेत. प्रत्यक्ष चालताना मागची टाच उचलली जाते. तरीही हा पुतळा चालतो आहे असेच वाटते. कारण मागच्या पायात पावलाचा आरंभ आहे आणि पुढच्या पायात त्याचा शेवट. पाहणाऱ्याची नजर मागून पुढे सरकते आणि ती चाल स्वतःच पुरी करते. मायब्रिजच्या छायाचित्रांनी त्याच सुमारास गतीचे तुकडे करून दाखविले होते. रोदँच्या मते असा एक सुटा क्षण गोठलेला असतो. गती उमटते ती अनेक क्षण एका देहात गुंफल्याने. देहावरून काढलेल्या साच्यातही असाच एक क्षण अडकलेला असतो. याच अभ्यासातून पुढे शिर आणि हात नसलेला 'चालणारा माणूस' आकाराला आला.

१८८०च्या दशकात रोदँच्या कार्यशाळेत कामीय क्लोदेल आली. ती त्याची सहकारी आणि प्रेयसी होती, तशीच स्वतंत्र प्रतिभेची शिल्पकारही. 'वॉल्ट्झ' या तिच्या शिल्पात नृत्याची गिरकी धातूत उतरली आहे. त्याच काळात घडलेल्या आणि १८९५ मध्ये अनावरण झालेल्या 'कॅलेचे नागरिक' या समूहशिल्पात गळ्यात दोर अडकवलेले सहा जण मृत्यूकडे निघाले आहेत. प्रत्येकाच्या पावलाची गती निराळी आणि त्यातच प्रत्येकाचे मन उघडे पडते.

रोदँच्या कार्यशाळेत मॉडेलने एका मुद्रेत ताटकळत बसण्याचा दंडक नव्हता. ती माणसे मोकळेपणी वावरत आणि रोदँ टिपत असे. उत्तरायुष्यात तर तो कागदाकडे न पाहता, नजर देहावरच खिळवून रेषा ओढी. १९०६ मध्ये कंबोडियाच्या राजाबरोबर राजनर्तकींचा ताफा फ्रान्समध्ये आला. पॅरिसमध्ये त्यांचे नृत्य पाहून ६५ वर्षांचा रोदँ त्यांच्यामागोमाग थेट मार्सेयला गेला आणि अवघ्या काही दिवसांत त्याने सुमारे दीडशे रेखाटने केली. वळलेली बोटे, दुमडलेला गुडघा यांना नंतर जलरंगाचा हलका हात मिळाला.

१९१६ मध्ये त्याने आपला सारा संग्रह राष्ट्राला अर्पण केला. त्यातून पॅरिसचे रोदँ संग्रहालय उभे राहिले. आयुष्यभराची सोबतीण रोझ बरे हिच्याशी त्याने जानेवारी १९१७ मध्ये विवाह केला. ती थोड्याच दिवसांत गेली. १७ नोव्हेंबर १९१७ रोजी रोदँनेही मदाँ येथे जगाचा निरोप घेतला. दोघांच्या समाधीवर त्याचा 'विचारवंत' बसलेला आहे. जागचा न हलणारा, पण आवळलेल्या पायाच्या बोटांपासून वाकलेल्या पाठीपर्यंत विचाराने ताणलेला. ज्या हातांवर जग एकेकाळी विश्वास ठेवायला तयार नव्हते, त्यांनी स्थिर बसलेल्या देहातही हालचाल शोधली होती.