विश्वविजयाचे ओझे

इंग्लंडला फुटबॉलचा पहिला विश्वचषक जिंकून देणारे प्रशिक्षक सर आल्फ रॅम्से यांचा जन्म १९२० मध्ये डॅगनहॅम येथे झाला. इप्सविचसारख्या छोट्या क्लबला त्यांनी १९६२ मध्ये लीग विजेतेपद मिळवून दिले आणि पुढील वर्षी राष्ट्रीय संघाची सूत्रे हाती घेतली. ३० जुलै १९६६ रोजी वेम्बलीवर पश्चिम जर्मनीला ४-२ असे नमवून इंग्लंड विश्वविजेता ठरला. १९६७ मध्ये रॅम्से यांना ‘सर’ हा किताब लाभला. मात्र त्या यशानेच अपेक्षांचा डोंगर उभा केला. १९७० मध्ये उपान्त्यपूर्व फेरीत त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर दोन गोलांची आघाडी निसटली. १९७३ मध्ये वेम्बलीवरच पोलंडने १-१ असे बरोबरीत रोखल्याने विश्वचषकाचे दार बंद झाले. १९७४ मध्ये विश्वविजेत्या प्रशिक्षकाला पदावरून दूर करण्यात आले. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले.